एदमों हल्ली सगळ्याला हो म्हणतो

आशिलचं घर, शार्त्र
१० जानेवारी १९७२

प्रिय उगेतवन्सं,

पोचलो. बारफ्लरपासून इथवर तुमचा भाऊ रस्ता दोनदाच चुकला, आणि दोन्ही वेळा मी "डावीकडे, डावीकडे" म्हणत असताना ऐटीत उजवीकडे वळला. मोटारीत माझ्या पायांवर दोन घोंगड्या होत्या, तरी गुडघ्यांचा बर्फ झाला. मी अजून विचारतेय की माणसं वसंतात प्रवासाला जातात, आपण जानेवारीत का? तर म्हणे, "आत्ताच जायचं." दुकान बंद केल्यापासून हे असंच चाललंय. छत्तीस वर्षं गावाच्या दाढ्या केल्या, आणि ऑक्टोबरात एका सकाळी, गुडघे दुखतात म्हणून कात्र्या पेटीत! गुडघे दुखणारा माणूस कधी अकराशे किलोमीटर मोटार हाकतो का, सांगा.

पण आशिलला बघून त्याला झालेला आनंद तुम्ही बघायला हवा होता. जर्मनांच्या छावणीत पाच वर्षं एका फळीवर झोपलेले हे लोक, भेटले की शाळकरी पोरांसारखे वागतात. एदमों तर आशिलच्या तोंडाकडे असा एकटक बघत बसतो, की आशिलची बायको जेर्मेन मला म्हणाली, "माझ्या नवऱ्यावर इतकं प्रेम मीसुद्धा केलं नाही गं!"

काल राजांच्या सणाचा केक कापला. केकमध्ये लपवलेला राजाचा चिनी मातीचा दाणा नेमका एदमोंच्या दाताखाली आला. झाला राजा! डोक्यावर कागदी मुकुट घातला. जेर्मेननं विचारलं, "मग महाराज, राणी म्हणून कोणाला निवडता?" मी पदर सावरल्यासारखी शाल सावरून बसले. आणि महाराज काय म्हणाले? "अर्धाच तुकडा द्या, पोट भरलंय."

टेबलाभोवतीचे सगळे हसून लोळले. तोही हसला. पण वन्सं, मला थोडं लागलं. पस्तीस वर्षांनी निदान राणीपद तरी मिळायला हवं होतं.

आता बोनजवळ, त्यांच्याच छावणीतल्या ओनोरेकडे जातोय. पत्र तिकडेच टाका. तांबड्या कोंबडीला जास्त दाणे घालू नका, ती नाटकी आहे.

तुमची,
सोलांज

•

बारफ्लर
१४ जानेवारी

प्रिय सोलांज,

राणीपद गेलं म्हणून रडू नकोस. माझ्या भावाच्या राज्यात आहेच काय? एक मोटार आणि सात वस्तरे.

इथे तीन दिवस वादळ होतं. एकही होडी बाहेर गेली नाही, त्यामुळे सगळे कोळी कॅफेत बसून एकमेकांना तेच ते किस्से सांगतायत. तुझी तांबडी नाटकी नाही, हुशार आहे. मला बघितलं की लंगडते, दाणे मिळाले की धावते. तुझ्याकडूनच शिकली असणार.

आता एक ऐक. जेवताना एदमोंच्या डाव्या हाताला बसत जा. आणि त्याला काही सांगायचं असलं तर पाठीमागून, स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही. समोर येऊन सांगायचं. का ते विचारू नकोस. आमच्या आईची शिस्त होती: पुरुषाशी बोलायचं तर त्याच्या डोळ्यांत बघून, नाहीतर तो ऐकल्याचं सोंग करतो. तू पस्तीस वर्षं ही शिस्त पाळली नाहीस, म्हणून राणीपद गेलं.

ओनोरेला माझा नमस्कार सांग. त्याला म्हणावं, एकोणीसशे शेहेचाळीसमध्ये नाचताना माझ्या पायावर दिलेला पाय अजून ठणकतो.

उगेत

•

ओनोरेचं घर, बोनजवळ
२४ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुमचा निरोप दिला. ओनोरे म्हणाला, "दुसरा पाय शिल्लक आहे ना? मग येतो." त्याचं वजन आता शंभर किलो आहे, तेव्हा दार लावून घ्या.

तुमची शिस्त पाळतेय. डाव्या हाताला बसते, डोळ्यांत बघते. आश्चर्य म्हणजे गुण आहे! परवा जेवताना मी म्हटलं, "रस्सा खारट झालाय," तर म्हणाला, "हो, जरा." वन्सं, महिन्याभरात आमचं झालेलं हे सर्वांत लांब संभाषण. पण मोटारीत मी त्याच्या उजव्या हाताला बसते, तिथे शिस्तीचा उपयोग नाही. काल सहज विचारलं, "एदमों, अजून आवडते का रे मी तुला?" म्हणाला, "पुढच्या गावात भरून घेऊ, टाकी अर्धी आहे."

आणि दुसरा नवा रोग म्हणजे तो सगळ्याला हो म्हणतो! बावीस तारखेला इथे संत व्हँसाँचा सण होता. सगळे द्राक्षवाले थंडीत मिरवणूक काढतात, चौघं संताची लाकडी मूर्ती खांद्यावर घेऊन टेकडी चढतात. ओनोरेनं जेवताना विचारलं, "एकजण आजारी पडलाय, तू खांदा देशील का?" तुमचा भाऊ हसून म्हणाला, "हो तर!" सकाळी सात वाजता चार माणसं दाराशी आली तेव्हा याचं तोंड बघण्यासारखं होतं. पण गेला. आजारी गुडघे घेऊन दोन तास संताला वाहिलं. खाली आला तेव्हा नाक जांभळं झालेलं. ओनोरेनं त्याला मिठी मारून काहीतरी कानात सांगितलं, आणि एदमों परत म्हणाला, "हो तर!" ते काय होतं, ते आज सकाळी कळलं. ओनोरेची दोन बदकं जिवंत, टोपलीसकट, आमच्या मोटारीत आहेत. मी काय करू त्यांचं? ज्युराच्या डोंगरातल्या बर्फात फिरवू?

आता खरं विचारते. तो तुम्हाला पत्रं लिहितो. काल पेटीत टाकताना मी पाहिलं, आणि मला बघून टोपी उचलली, जशी मी शेजारीण आहे. तुम्हा बहीण-भावांचं काय शिजतंय? आजारपण असेल तर सांगा. दुसरी बाई असेल तर तिला बदकं देऊन टाकते.

सोलांज

•

बारफ्लर
२७ जानेवारी

प्रिय सोलांज,

दुसरी बाई! अगं, त्याला पहिलीच झेपत नाही.

काही शिजत नाही. भाऊ बहिणीला पत्र लिहितो, एवढंच. फाटकाची बिजागरी तुटलीय, त्याबद्दल विचारतो. तू उगाच डिटेक्टिव्ह होऊ नकोस.

बदकं ठेव. ज्युरात छावणीतल्या तिसऱ्या दोस्ताकडे, आल्सीदकडे, गोठा आहे, तिथे ऊब असते. आल्सीद कमी बोलणारा माणूस आहे, लक्षात आहे ना? आणि बोलला की हळू. एदमोंबरोबर तूही बसत जा. दोघांना एकटं सोडू नकोस.

कोंबड्या मजेत आहेत.

उगेत

•

शांपान्योल, खानावळ
३ फेब्रुवारी

वन्सं,

आल्सीदचं घर आम्ही सोडलं. घरच्या वाटेवरचा घाट बर्फानं बंद आहे, म्हणून या खानावळीच्या वरच्या खोलीत अडकलोय. रविवारपर्यंत इथेच. बोलायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. आज मस्करी जमणार नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, बायको गेल्यापासून आल्सीद त्या डोंगरावर सात गाई घेऊन एकटा राहतो. त्याची मुलगी ब्लांदीन बझाँसाँला असते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पहिले दोन दिवस छान गेले. आल्सीद आणि एदमों न बोलता शेगडीपाशी बसत. मला वाटलं, जुन्या मित्रांना बोलावं लागत नाही.

परवा संध्याकाळी दुधाची बरणी घेऊन मी गोठ्याच्या दाराशी आले. आल्सीद गाईच्या पोटाला डोकं टेकून धार काढत होता, पाठ आमच्याकडे. एदमों मागे गवताच्या भाऱ्यावर बसला होता. आणि आल्सीद बोलत होता, गाईशी बोलावं तसं, खालच्या आवाजात. म्हणाला, "ब्लांदीन चार वर्षं घरी आलेली नाही. घटस्फोट झालेल्या माणसाशी लग्न करायचं म्हणाली, तेव्हा मीच तिला सांगितलं, या दारातून गेलीस तर परत येऊ नकोस. गेली. तिला बाळ झालंय, दोन वर्षांचं. मला ते किराणावाल्याकडून कळलं, एदमों. किराणावाल्याकडून. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही."

आणि तुमच्या भावानं काय करावं? उठला, आल्सीदच्या पाठीवर थाप मारली आणि दात काढून म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! मग आज बाटली फोडायलाच हवी!"

आल्सीद उठला. बादली तशीच ठेवली आणि निघून गेला. जेवायला आला नाही. सकाळी त्यानं आमचं सामान स्वतः उचलून मोटारीत ठेवलं, आणि एदमोंकडे न बघता आत गेला. एदमों मला विचारतो, "याला काय झालं? गाय व्याली म्हणाला ना? मग चिडला का?"

गाय! वन्सं, मी मोटारीत रडत रडत म्हटलं, "तू त्याच्या मुलीच्या दुःखावर हसलास. इतका दगड कधी झालास?" तो समोर बघून म्हणाला, "हो, दुपारपर्यंत थांबेल बर्फ."

मी या माणसाला ओळखत नाही. तो खोलीत बदकांना पाव भरवतोय. मी खाली बसलेय.

सोलांज

•

बारफ्लर
५ फेब्रुवारी, जलद टपालानं

सोलांज,

मोटार वळव. आल्सीदकडे परत जा.

एदमोंला ऐकू येत नाही. उजव्या कानानं जवळजवळ काहीच नाही, डाव्यानं थोडं. समोर तोंड दिसलं तर बराचसा अंदाज लावतो. सप्टेंबरात शेरबूरच्या डॉक्टरनं सांगितलं की उरलंय तेही वर्ष-दोन वर्षांत जाईल. गुडघे ठणठणीत आहेत. दुकान बंद केलं ते त्या नोटरीमुळे. तो म्हणाला, "मिशीला हात लावू नका," आणि एदमोंनं मिशी साफ उडवली. तू आणि मी दोघी त्या गोष्टीवर आठवडाभर हसलो. तो आपल्याबरोबर हसला आणि रात्रभर जागा राहिला.

आमचे वडील साठीत असेच बहिरे झाले. तू त्यांना पाहिलं नाहीस. कॅफेत जाणं सोडलं, मग चर्चला, मग टेबलाशी बसणं सोडलं. लोक ओरडतात ते त्यांना सहन व्हायचं नाही, कीव केलेली त्याहून नाही. एदमोंनं ते सगळं पाहिलंय. म्हणून माझ्याकडून शपथ घेतली, सोलांजला सांगायचं नाही. मी शपथ पाळली. चुकले. गाडीत बसलेल्या बायकोपासून लपवायचं आणि शंभर कोसांवरच्या बहिणीला सांगायचं, हा आमच्या घराण्याचा शहाणपणा!

आता हा प्रवास हिवाळ्यातच का, ते तुला सांगते. त्याला छावणीतल्या तिघा दोस्तांचे आवाज आणखी एकदा ऐकायचे होते, आहे तेवढ्या कानानं. मी त्याला लिहिलं होतं, बायको शेजारी बसली आहे, तिचं काय? त्यानं उत्तर दिलं, ते तसंच उतरवते: "सोलांजचा आवाज मला पाठ आहे. बाकीच्यांचे गोळा करायचे राहिलेत."

माझ्यावर हवं तेवढं चिड. पण आधी आल्सीदकडे जा.

उगेत

•

आल्सीदचं घर
११ फेब्रुवारी

वन्सं,

चिडले आहे. घरी आले की दोन दिवस तुमच्याशी बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी बोलेन, कारण मला जमणार नाही.

तुमचं पत्र वाचलं आणि वर खोलीत गेले. एदमों खिडकीशी होता. मी समोर जाऊन उभी राहिले आणि पत्र त्याच्या हातात दिलं. वाचलं त्यानं. मग टोपी काढली, जशी चर्चमध्ये काढतात. मी ठरवून गेले होते, खूप बोलायचं. एकच विचारलं: "लोकांनी तुझ्या वडिलांना वागवलं तसं मी तुला वागवेन असं वाटलं?" त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि वन्सं, पहिल्या फटक्यात सगळं समजलं त्याला. म्हणाला, "नाही. मला वाटलं, मी त्यांच्यासारखा वागेन." मग मी कसली रागावते!

रविवारी घाट उघडला. घरी जायचं सोडून आम्ही मागे वळलो. आल्सीद दारात उभा. आत या म्हणाला नाही. एदमोंनं पायरीवरूनच सांगितलं, "आल्सीद, मी बहिरा होतोय. तू गोठ्यात काय बोललास ते मला ऐकूच आलं नाही. 'झालंय' एवढाच शब्द कळला, मला वाटलं, गाईला वासरू झालं. परत सांग. मोठ्यानं सांग."

आल्सीद तर असा माणूस, की दहा शब्द बोलला तर दोन दिवस थकतो. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तो म्हणाला, "ब्लांदीन येत नाही." एदमोंनं हात कानाशी नेला. "ब्लांदीन घरी येत नाही!" "अजून मोठ्यानं." आल्सीद उभा राहिला, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि ओरडला. वन्सं, ताटं थरथरली. "चार वर्षं! मी तिला हाकलली! तिला बाळ झालं, मला कोणी सांगितलं नाही!" बाहेर शेजारची पेरारबाई बर्फ उपसत होती, तिचा फावडा हवेतच थांबला.

"चूक कोणाची?" एदमोंनं विचारलं.

"माझी."

"ऐकू आलं नाही."

"माझी!"

"हं?"

"माझी! माझी चूक! गाढवा, माझी चूक!"

खरं सांगते, दुसऱ्या वेळीच त्याला ऐकू आलं होतं, अशी मला शंका आहे. विचारलं तर कान दाखवतो. या बहिरेपणाचे फायदे त्याच्या आताशा लक्षात येऊ लागलेत.

मग आल्सीद खुर्चीत बसला आणि रडला. एदमोंही रडला. मी बटाटे सोलत बसले, कोणीतरी काहीतरी करायला हवं म्हणून. बऱ्याच वेळानं आल्सीद अगदी दमलेल्या आवाजात म्हणाला, "इतका हलका मी चार वर्षांत नव्हतो झालो." एदमों म्हणाला, "काय?" आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.

आता ऐका, आमचं येणं लांबलंय. काल सकाळी आल्सीद काळा कोट घालून खाली आला, काखेत चीजचा अर्धा चकता फडक्यात बांधलेला, आणि म्हणाला, "बझाँसाँची बस दहाला आहे. गाई कोणीतरी बघायला हव्यात." तुमचा भाऊ म्हणाला, "हो तर!" आणि या वेळी त्याला प्रश्न नीट ऐकू आला होता.

सात गाई, वन्सं! पहाटे धार काढून दूध सोसायटीत पोचवायचं. काल पहिल्या गाईनं एदमोंची टोपी खाल्ली. पेरारबाई आम्हाला शिकवते आणि शिकवता शिकवता आल्सीदची सगळी गोष्ट मला परत सांगते, कारण अर्ध्या डोंगराला ती आता ठाऊक आहे. माझे हात इतके सुजलेत की अक्षर असं आलंय.

आल्सीदला जाऊन दुसरा दिवस. काही कळलेलं नाही. त्याला मुलीचा पत्ताही किराणावाल्याकडून घ्यावा लागला.

सोलांज

ताजा कलम, एदमोंच्या हातचा: ताई, तू शपथ मोडलीस. मी तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं, पण गाई वेळ देत नाहीत.

•

बारफ्लर
१४ फेब्रुवारी

प्रिय सोलांज, प्रिय एदमों,

दोन दिवस न बोलण्याची शिक्षा मान्य. पण मग या दोन दिवसांत मी एकटी बोलेन आणि तू ऐकशील, म्हणजे शिक्षा कोणाला, ते आधीच ठरवून घे.

एदमों, गाईची धार काढताना तिच्याशी बोलतात. तिला ऐकू येतं, तुला नाही, तेव्हा तूच बोल.

आल्सीदचं काय झालं? सोलांज, नाटकीपणा पुरे, लगेच लिही. मी टपालवाल्याला रोज फाटकात अडवते. तो आता मागच्या गल्लीनं जातो.

उगेत

•

आल्सीदचं घर
१६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

आज दुपारची बस यायच्या वेळी आम्ही दोघं चढावाखाली जाऊन उभे राहिलो. गेले चार दिवस रोज उभे राहतो. पेरारबाईही असते, तिचा फावडा घेऊन, जणू नेमका तिथलाच बर्फ उपसायचाय.

बस आली. आल्सीद उतरला. एकटाच. काखेत चीज नव्हतं. मी मनात म्हटलं, चीज घेतलं आणि माणूस परत पाठवला. तो रस्त्याच्या पलीकडे उभा, अलीकडे आम्ही, मध्ये बस. इंजिन धडधडत होतं, ड्रायव्हर टपावरून कोणाची तरी पेटी काढत होता. आल्सीद बसच्या पुढच्या बाजूनं दिसला आणि काहीतरी म्हणाला. मोठ्यानं नाही. ओरडायचं जणू त्यानं त्या दिवशीच संपवलं होतं. मला काही ऐकू आलं नाही. पेरारबाईलाही नाही. ती म्हणाली, "काय म्हणाला? काय म्हणाला?"

एदमोंनं माझा हात धरला. इतका घट्ट की सुजलेली बोटं दुखली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

तो माझ्याकडे वळलाच नाही. पलीकडे आल्सीदच्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द लावून मला सांगू लागला, "दार उघडलं म्हणतो. बाळ मांडीवर बसलं. इस्टरला सगळी येणार आहेत."

बस गेली तेव्हा आल्सीद अजून बोलतच होता.

सोलांज